इचारून काढलेला फोटो

कुणाचा फोटो काढायचा असला की दत्ताभाऊ आधी पायातल्या चपला काढायचा. पालमच्या बसस्टँडवर, भर उन्हातबी. मी इचारलं तर म्हणला, "माणसाच्या तोंडाकडं बघायचं म्हंजी त्याच्या घरात जायचं. तिथं चपला घालून जातू का कुणी?"

धंदा पंक्चरचा. मोकळ्या येळात मोबाईलवर फोटो काढून नेटवर टाकायचा. लांबच्या कुणाला एखादा छापावा वाटला तर त्यो परवानगीचे पैसे धाडायचा. फोटोत चेहरा असला की त्या माणसाची सही लागायची. माझाबी एक फोटो असा खपला. मी सहीच्या जागी अंगठा दिला अन् गल्लीत पेढे वाटले. मागून कळलं, दातांची निगा न्हाई राखली तर काय होतंय, हे दाखवायला माझं थोबाड घेतलं होतं.

"मी इचारलं होतं का न्हाई?" दत्ताभाऊ म्हणला.

"इचारलं होतंस."

"मग हास की आता!"

पुढं त्याच्या मोबाईलचा कॅमेरा गेला. तवाच एका परदेशी पुस्तकवाल्यानं वहिनीचा फोटो मागितला. ऊसतोडीतला, डोक्यावर मोळी. वहिनी होती तवा तिला इचारून त्यानं तो नुसता दाखवायला टाकला होता. आता वहिनी न्हवती. फोटो दिला तर नवा मोबाईल येत होता, न्हाई तर फोटो काढणंच बंद.

"तूच सही कर की," मी म्हणलं. "मेलेल्या माणसाला काय इचारायचं?"

त्यानं चपला काढल्या. आत जाऊन भिंतीवरच्या वहिनीपुढं लय येळ उभा ऱ्हायला. बाहेर येऊन म्हणला, "न्हाई म्हणायलीय."

"बोलली का काय?"

"गप ऱ्हायली. जित्तेपणीबी गप बसली की न्हाईच असायचं."

फोटो दिला न्हाई. पुन्हा फोटो काढलेबी न्हाईत.

यंदा त्योबी गेला. लेक पाथरीहून आलेली. म्हणली, "काका, भिंतीला लावायला बाबाचा एकबी फोटो न्हाई हो."

माझ्याकडं एक होता, चोरून काढलेला. न इचारता द्यावा कसा? मी चपला काढल्या, मोबाईल समोर धरला. "दत्ताभाऊ, देऊ का?"

अर्ध्या फोटोत माझंच बोट आलेलं. उरलेल्या अर्ध्यात त्यो त्या बोटाकडं बघून पोट धरून हसायलाय. गप न्हाई.

दिला.

त्या घरात आता भिंतीवर तिघं हाईत. वहिनी, दत्ताभाऊ अन् माझं बोट.