ओल्या भिंतीला रंग

आमच्या घाटंजीत नळ बघायचा नसतो, ऐकायचा असतो. पाणी कोणत्या दिवशी येईल आणि कोणत्या वेळी, हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून स्वयंपाकघरातली तोटी उघडी टाकून तिच्याखाली जर्मनचं एक भगोनं पालथं ठेवायचं. पाणी आलं की ते असं वाजतं की माजघरात गाढ झोपलेला माणूसही उठून बसावा. ही युक्ती ह्यांची. हे गेले, भगोनं तसंच राहिलं.

त्या दिवशी दुपारी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. भिंतीत कुठेतरी सुसू असा आवाज येत होता. उंदीर असेल म्हटलं. इतक्यात कंपाउंडच्या पलीकडून शेजारीण ओरडली, "ओ वयनी, नळ येऊन किती वेळ झाला! तुमच्या घरी काहून वाजून नाही राह्यलं?"

"येईल," मी म्हटलं, आणि डाळच निवडत राहिले. भगोनं वाजलं नाही म्हणजे पाणी आलं नाही, इतका माझा त्याच्यावर विश्वास. उठून बघावं असं मनातही आलं नाही. पायाला गार लागलं तेव्हा उठले. माजघराच्या भिंतीतून पाणी पाझरत नव्हतं, धो धो वाहत होतं. जुनी लोखंडी लाइन आतल्या आत फुटली होती. रस्त्यावरचा कॉक बंद करून येईपर्यंत पाणी दिवाणाखाली शिरलं होतं.

दिवाणात गाद्या होत्या. मुलगा, सून, नात आले की अंथरायच्या. घरच्या कापसाच्या, चांगल्या जाड. कापूस भिजला की काय वजनाचा होतो ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. एकटीनं ओढत ओढत एक गादी दारापर्यंत आणली आणि तिच्यावरच बसून रडले. गादीसाठी नाही. पोराला कळलं तर, ह्या भीतीनं.

कारण मागच्या वर्षी तापात मी दोन दिवस पडून होते, तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "आई, आता बस झालं. यानंतर घरात काहीही झालं ना, मी तुझं ऐकणार नाही. सरळ पुण्याला आणणार." फोनवर तो पुण्याचीच भाषा बोलतो. मी म्हटलं, "बरं बाप्पा." आणि तेव्हापासून घरात काही होऊ द्यायचं नाही, असा मी विडाच उचलला. पुण्याला मी एकदा महिनाभर राहिले आहे. चौथ्या मजल्यावर. सकाळी सगळे निघून गेले की लिफ्टचं दार वाजलं तरी बरं वाटायचं.

दिवाळी तोंडावर होती. ते तिघं येणार होते.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आले. बाजारात त्यांचं दुकान आहे, गावात सगळे त्यांना भाईच म्हणतात. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, ठोकून पाहिलं. "काकू, लाइन कुठून गेली, काही अंदाज हाय का?"

"ज्यांनी टाकून घेतली ते नाहीत ना आता," मी म्हटलं.

ह्यांना भिंतीवरून गेलेले पाईप आवडायचे नाहीत. घर दवाखान्यासारखं दिसते म्हणायचे. म्हणून सगळं भिंतीच्या पोटात घातलं, आणि कुठून कुठे ते फक्त ह्यांनाच ठाऊक. कुठं वळवला, कुठं जोड दिला, मी कधी विचारलंच नाही. विचारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. भाई फोडत गेले आणि मी बघत राहिले. ह्यांनी घोटून घेतलेला गिलावा लाद्यांवर पडत होता.

"ही लाइन सोडून द्या काकू. वरून प्लास्टिकचा पाईप टाकून देतो. कमी पैशात होऊन जाते."

खरंच स्वस्तात झालं असतं. पण वरून पाईप दिसला की पोरगा विचारणार. "नाही," मी म्हटलं, "आतूनच टाका. बाहेरून काही दिसता कामा नये."

"मंग खर्च वाढते. गवंडी लागन, पुट्टी, रंग..."

"वाढू द्या."

भाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि छिन्नी उचलली. म्हातारी वेडी आहे असं वाटलं असेल, वाटो. सुनेच्या साडीला आणि नव्या शेगडीला बाजूला काढलेले पैसे गवंड्याकडे गेले. दिवाणाचं फुगलेलं प्लायवूड सुताराकडे गेलं. गाद्या पिंजून पुन्हा भरून घेतल्या. पाईप सगळ्यात स्वस्त पडला.

रंगवाला मात्र तयार होईना. "काकू, भिंत वली हाय. महिनाभर सुकू द्या. आत्ता लावला त रंग भिंत सोडून देईन."

"दिवाळीपुरता राहिला तरी चालेल," मी म्हटलं.

पंखा लावला, खिडक्या उघड्या टाकल्या, रोज उठून भिंतीला तळवा लावून पाहिला. आजारी लेकराचं कपाळ बघावं तसा. गारच लागायची. शेवटी फिका पिवळा रंग लावून घेतला, वर कॅलेंडर टांगलं आणि मनातल्या मनात उत्तरं पाठ करून ठेवली. म्हणजे उघडकीला आलंच तर. शेत कोण बघेल? पुण्याचं पाणी मला सोसत नाही. शेजारीण आहे, हाकेला येते. शाळेतल्या पोरीसारखी पाठ केली.

ते आले. घरात आवाज झाला. नात भगोनं वाजवत फिरली, मला इतकं बरं वाटलं की मी तिला थांबवलंही नाही. संध्याकाळी पोरगा चहा घ्यायला नेमका त्याच भिंतीला टेकून बसला. मी काही बोलायच्या आत उठला, तर पाठीवर पिवळा पट्टा आणि शर्ट ओला.

"आई, भिंत ओली आहे का ही?"

झालं. मी सगळं सांगून टाकलं. भगोनं, गाद्या, भाई, रंग. सांगताना पदर हातात घट्ट धरला होता. आता तो म्हणणार, आणि मी उत्तरं देणार.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग सुनेकडे. सुनेनं कपाची कडा पुसली.

"छान केलंस, लगेच करून घेतलंस," तो म्हणाला. "तुला इथलं सगळं जमतं गं आई. आम्ही उगाच काळजी करतो. खर्च किती आला, सांग. पाठवतो."

मी थोडा कमीच सांगितला. पाठ केलेली उत्तरं तशीच राहिली. त्या रात्री भरलेल्या गाद्यांवर तिघं छान झोपली. मला राग आला होता, पण कोणावर ते कळेना. नको नको म्हणायची तयारी करून बसलेल्या माणसाला कोणी विचारलंच नाही, तर त्यानं काय करावं?

भाऊबीज झाल्यावर ते गेले. सुट्टी संपत होती. भिंतीचे पोपडे सुटले ते मी झाडून काढले आणि कॅलेंडर काढून टाकलं. ते आता कशाला हवं?

दोन दिवसांनी भगोनं वाजलं. पाणी भरून झाल्यावर अंगणात आले, तर शेजारीण कंपाउंडवर हात ठेवून उभी होती.

"गेले काय पाहुणे? पोरगा नेतो म्हणे का तुमाले पुण्याले?"

"म्हणे का?" मी म्हटलं. "मागंच लागला होता बाप्पा. हात धरून बसला. मीच नाही म्हटलं."