गजभियेसाहेबांच्या हार्टची काळजी

दवाखान्यात औषधांची सॅम्पल्स साठतात तसे किस्सेही साठतात. सॅम्पल्स जुनी झाली की फेकता येतात. किस्से मात्र कुणी चहाला आलं की बाहेर पडतातच!

मी नोएडात दवाखाना उघडला तेव्हा आमच्या सेक्टरमधले निम्मे प्लॉट रिकामे होते. सोसायटीत मोजकीच मराठी घरं, सगळी माझी पेशंट. त्यात नागपूरचे गजभियेसाहेब पहिले. मिनिस्ट्रीत मोठ्या हुद्द्यावर. वडील तरुणपणीच हार्टनं गेलेले, म्हणून मी त्यांच्या मागेच लागले होते.

पहिल्याच दिवशी बीपी चांगलाच वर. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा बीपी माझा नाही, आमच्या सेक्रेटरींचा आहे. त्यांच्याच मीटिंगमधून येतोय!"

रविवारी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा मोजला. तेवढाच! त्यांच्या पत्नी, मायावहिनी, म्हणाल्या, "म्हणजे सेक्रेटरी आमच्याकडेच राहायला आले की!"

गोळी सुरू झाली.

*

तेव्हा बाजारात नवनवीन रिफाइंड तेलं आली होती. तळण कमी करा म्हणून मी बजावलं, तर त्या आठवड्यात साहेबांनी रोज पुऱ्या करायला लावल्या.

"अहो मॅडम, डब्यावर हार्टचं चित्र आहे. चांगलंच असणार ना!"

मायावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मग चित्र कापून देते, तेवढं खा!"

*

"रोज चाला," मी सांगितलं.

"पूर्वी चॅनल बदलायला तरी उठायचो. आता केबल आली, रिमोट आला!"

मी वहिनींना रिमोट लपवायला सांगितलं. पुढच्या वेळी साहेब खुशीत. "चालणं सुरू झालं, मॅडम. रोज संध्याकाळी घरभर रिमोट शोधत फिरतो!"

*

शेजारचे मुजावर बँकेत होते, मूळ कोल्हापूरचे. छातीत घरघर, तरी सिगरेट सुटेना. एकदा अभिमानानं म्हणाले, "सिगरेट विकत घेणं बंद केलं, बाई!"

गजभियेसाहेब बाजूलाच होते. "बिल्कुल खरं. आता माझ्याकडच्या पाहुण्यांच्या ओढतात!"

नंतर मात्र मुजावरांनी खरंच सोडली. कशी, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मागायची लाज वाटायला लागली."

*

जानेवारीतली धुक्याची सकाळ होती. मायावहिनी शाल पांघरून एकट्याच दवाखान्यात आल्या.

"दातांचा चांगला डॉक्टर सांगा ना. जबडा फार दुखतोय."

एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. काही दिवसांपासून जिना चढताना दमही लागत होता, पण तो म्हणे वयाचा. मी त्यांना आडवं केलं आणि ईसीजी काढला. पट्टीवर स्पष्ट दिसत होतं, हार्ट अटॅक.

साहेबांना फोन केला. मुजावरांनी गाडी काढली. यमुनेच्या पुलावर पुढचं काही दिसत नव्हतं, मुजावर खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होते. साहेबांनी वहिनींचा हात धरला होता, आणि वहिनी म्हणत होत्या, "अहो, कुकर गॅसवर नाही ना राहिला?"

दिल्लीच्या हॉस्पिटलात वेळेत पोचलो. तिथले डॉक्टर म्हणाले, दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असत्या तर कठीण होतं.

त्या दुपारी साहेब बाकावर माझ्या शेजारी बसले होते. वहिनींच्या शालीची घडी घातली. मग म्हणाले, "बीपी माझा, गोळ्या माझ्या, तेल माझं. तिचं कुणी मोजलंच नाही, मॅडम."

वहिनी बऱ्या झाल्या. घरी सोडायच्या दिवशी मोठे डॉक्टर आले. औषधं समजावली, वजन उचलायचं नाही, दगदग करायची नाही, सगळं सांगितलं. साहेब मन लावून ऐकत होते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "घर पर इनकी देखभाल के लिए कौन है?"

साहेब ताबडतोब म्हणाले, "माया है ना!"