आवळलेला पट्टा आणि आठशे मीटर

डिसेंबरातला एक रविवार, सकाळी ओहोटीला, रेवदंड्याचा किनारा. हजर: पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या मुली, त्यांचे सर, माझी धाकटी जाऊ आणि मी. गैरहजर: अक्कल.

सर म्हणजे एकेकाळी कबड्डी गाजवलेले आणि आता विटा-सिमेंट विकणारे गृहस्थ. सकाळी मुलींना फुकट पळवतात, म्हणून त्यांच्या ज्ञानाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मुली असल्या की सोबत एक वयस्क बाई पाहिजे, अशी त्यांची पद्धत. ती बाई मी. घड्याळ धरायचं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, हजेरी घ्यायची.

जाऊचं बाळ तेव्हा अजून रांगत नव्हतं. तरी ती यायची, कारण वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. लग्नाआधी एकदा ती थोडक्यात हुकली होती. आता हुकली की संपलं.

त्या दिवशी आठशे मीटर झाले आणि ती रेघेवर थांबलीच नाही. तशीच पुढे समुद्रात शिरली, बुटांसकट, कमरेपर्यंत.

"अगं बूट! बूट खराब होतील!" सर ओरडले.

"रील काढते वाटतं," एक मुलगी म्हणाली आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

मी हसले नाही. धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून मी शिंक आली की आधी मांड्या आवळते आणि मग शिंकते. लग्नाला जायचं तर माझ्या पिशवीत आहेराच्या आधी जादा कपडे पडतात. धावता धावता बाई अचानक पाण्यात का शिरते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुरूच्या बनात तिला टॉवेल दिला.

"कधीपासून गळतंय?"

"वहिनी, कुणाला सांगू नका."

"कधीपासून, ते विचारलं."

"पळायला लागल्यापासून. रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही घेतला, तरी झालं. पट्टासुद्धा घट्ट बांधला होता."

तिने शर्ट वर केला. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा पट्टा बरगड्यांखाली असा करकचून बांधला होता, की कातडीवर वळ उठले होते.

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. सव्वा महिना शेक, शेगडी, मऊ लुगड्याचा पट्टा. पडून राहणाऱ्या बाईला ऊब मिळते, आधार वाटतो, माझी काही तक्रार नाही. पण सासूबाईंनी 'पोट सुटेल' म्हणून तो पट्टा पुढे महिनोन् महिने चालू ठेवला आणि सरांनी त्याला शास्त्राचा शिक्का मारला. "पट्टा आवळायचा, श्वास धरायचा, पोट आत! वजन उचलणारे काय करतात?" वजन उचलणाऱ्यांनी मुलं जन्माला घातलेली नसतात, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. टूथपेस्टची नळी मधोमध दाबली तर पेस्ट कुठे जाते, एवढा विचार दोघांपैकी एकानेही केला नाही.

घरी सासूबाईंजवळ विषय काढला.

"आमाला पाच पोरं झाली," त्या म्हणाल्या. "लावनी केली, डोक्यावरनं हंडे आनले. काय झालं न्हाय."

"मग आई, एसटीने तळा गावाला जायचं असलं की सकाळपासून चहा का घेत नाही तुम्ही?"

"तो गाडी लागते म्हनून."

"आणि लग्नात गेल्या गेल्या मोरी कुठे ते का विचारता?"

त्यांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "बाईचा जल्म हाय. त्याला काय करायचं?"

जगातल्या सगळ्या निरुपयोगी वाक्यांची यादी केली, तर हे मी सर्वात वर लिहीन. दुसऱ्या नंबरवर डॉक्टरीणबाईंचं वाक्य. जिथे जाऊ बाळंत झाली, तिथेच तिला घेऊन गेले. बाईंनी मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "मूल झाल्यावर होतंच. नॉर्मल आहे. पळू नका." दातही पुष्कळांचे किडतात. म्हणून कुणी 'जेवू नका' असं सांगत नाही.

शेवटी अलिबागला एक फिजिओथेरपिस्ट सापडली. कोवळी पोरगी, पण तिने दार लावलं, नीट विचारलं, परवानगी घेऊन तपासलं. पट्टा आधी सोडायला लावला, कारण तो सगळा दाब खाली ढकलतो. पाणी प्यायला सांगितलं, कारण तहानलेल्या शरीरातली दाट लघवी मूत्राशयाला जास्तच डिवचते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती श्वास सोडताना वर उचलायची आणि मग पूर्ण सैल सोडायची. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. आधी झपझप चालणं, मग थोडं थोडं धावणं. बेडूकउड्या सध्या बंद.

"भरतीपर्यंत होईल?" जाऊने विचारलं.

"खोटं सांगणार नाही. बहुतेकींना फरक पडतो, पण काही महिने रोज करावं लागतं. धावणं कायमचं सोडायची गरज नाही, एवढं नक्की."

गाडीत बसल्यावर जाऊ रडली. मी रडू दिलं. मग रस्त्यात थांबून पांढऱ्या कांद्याची माळ घेतली आणि उरलेल्या वाटेत रोजचं वेळापत्रक ठरवलं.

आता ती घरी व्यायाम करते. किनाऱ्यावर मात्र पेच आहे. सरांचा नियम असा, की बेडूकउड्या चुकवणारीला पळवायचं नाही. दोनदा त्यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "बाळाचं निमित्त पुरे झालं." तिसऱ्यांदा तिने उड्या मारल्या आणि पुन्हा व्हायचं तेच झालं. तिने हट्टाने काढलेले आठवडे तो माणूस एका शिट्टीत वाया घालवतो.

"पाय मुरगळला म्हणून सांगू?" मी विचारलं.

"नको. पाय बरा झाला की परत तेच. खरं सांगा, वहिनी. तुम्ही सांगाल ना?"

सांगीन म्हटलं. गॅसवाल्याला, ग्रामसेवकाला, शाळेच्या मुख्याध्यापकाला मी तोंडावर सुनावते. पण मिशीवर ताव देत उभ्या असलेल्या त्या गृहस्थाला 'लघवी' हा शब्द ऐकवायचा म्हटलं की मी बाटल्या मोजत बसते. गेल्या रविवारी जवळ गेले आणि विटांचा भाव विचारून परतले. भरतीची तारीख कधीही लागेल. सरांना अजून सांगितलेलं नाही.