न विचारणारा शिंपी

बाजाराच्या टोकाला, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर त्या शिंप्याचं दुकान होतं. जिना इतका अरुंद की जाडजूड गिऱ्हाईक आडवं होऊन चढायचं. तरी लोक चढायचे, कारण हा माणूस कुणाला काही विचारत नसे. गल्लीनं त्याला 'मौनीबाबा' असं नाव पाडलं होतं. ते त्याच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

एका वकिलाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. कोटाच्या त्या बाजूला यानं गुपचूप पातळशी गादी भरली आणि वकील सरळ दिसू लागला. ऑपरेशननंतर एका शिक्षिकेची छाती एका बाजूनं सपाट झाली होती. तिला एक अक्षर न विचारता यानं असे कपडे बेतले की आरशात बघून ती बाई रडली, आणि तीही काही बोलली नाही. अंगात जे कमी-जास्त असेल ते कापडानं सावरायचं, त्याची वाच्यता करायची नाही, ही त्याची रीत होती. वाईट होती असं मी म्हणणार नाही. कितीतरी लोकांची लाज त्या माळ्यावर राखली गेली.

बायको त्याच्या शेजारी बसून काज-बटणं करायची आणि दोघांच्या वाटचं बोलायची. एकुलता एक मुलगा वजन उचलायचा, म्हणजे स्पर्धेतलं वेटलिफ्टिंग. वय तेवीस. बापाला त्या खेळातलं काडीचं कळत नव्हतं, पण टेपमधलं कळत होतं. दर तीन महिन्यांनी तो मुलाचं माप घ्यायचा. दीड वर्षात छत्तीसची छाती चव्वेचाळीस झाली, तेव्हा मौनीबाबांना कंठ फुटला. येईल त्या गिऱ्हाइकाला टेप दाखवून सांगायचे, "एवढी! मेहनतीची आहे." बायको म्हणायची, "पुरे आता, दृष्ट लावाल स्वतःच."

मग एका दुपारी मुलगा माळ्यावर आला. आई खाली दोरे आणायला गेली होती.

"बाबा, एक बंडी शिवून द्या. घट्ट हवी. पुढून दुहेरी कापड घाला."

शिंप्यानं टेप टाकला. छातीवरून फिरताना बोटांना जे लागलं ते स्नायूचं नव्हतं. स्तनाग्रांच्या मागे मऊ सूज होती, आणि टेप आवळताच मुलगा कळवळून मागे सरला. बायकांचे कपडे तीस वर्षं शिवलेल्या हाताला हे काय आहे ते कळायला क्षणही लागला नाही. पुरुषाच्या छातीवर ते का यावं, एवढंच कळेना. प्रश्न ओठांपर्यंत आला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. शिंप्यानं टेप गळ्यात टाकला आणि म्हणाला, "गुरुवारी घेऊन जा."

बंडी त्यानं जीव ओतून शिवली. पुढे दुहेरी कापड, बगलेखाली वेगळी पट्टी, मुंढा नेमका, कुठे चुणी म्हणून नाही. मुलानं ती घालून वर सदरा चढवला आणि छाती पुन्हा फळीसारखी सपाट झाली. तो हसला, बापाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. शिंप्याला वाटलं, आपण पोराची अडचण निवारली. माणूस आपल्या कामात फार हुशार असला की त्याची फसगतही तिथेच होते.

सहा महिन्यांनी दुसरी बंडी झाली, मग तिसरी, प्रत्येक आधीपेक्षा घट्ट. दरम्यान मुलाच्या पाठीवर एवढे मोठे फोड उठले की सदऱ्यांना रक्ताचे ठिपके पडू लागले. शिंप्यानं पाठीला गडद रंगाचं अस्तर लावून दिलं. घरात मुलगा शब्दाला शब्द झाला की दार आपटायचा. एकदा ताट भिरकावलं, आणि मग स्वतःच घाबरून बसून राहिला. विशीतच कपाळ वर सरकू लागलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही माप घेता ना त्याचं? काय झालंय पोराला?"

"स्पर्धेच्या संघाची निवड जवळ आलीय. ताण असेल," तो म्हणाला आणि मशीनवर वाकला.

तिसऱ्या बंडीच्या मापाला मात्र टेपखाली मुलाचं काळीज धडधडताना त्याला जाणवलं होतं. जिना चढून दहा मिनिटं झाली होती, तरी ते थांबत नव्हतं. त्या दिवशी शिंपी जेवला नाही. विचारायला हवं, हे त्याला कळत होतं. पण विचारायचं कसं, हे आयुष्यभरात तो शिकलाच नव्हता. मला त्याचा राग येतो, आणि दयाही येते.

निवडीला बारा दिवस उरले असताना सकाळच्या सरावात मुलगा कोसळला. नवरा-बायको पोचली तेव्हा तो दवाखान्यात पलंगावर होता, शुद्धीवर, पण चेहरा राखेसारखा. रक्तदाब छताला टेकला होता. छातीला तारा लावायच्या होत्या आणि घामानं भिजलेली बंडी निघत नव्हती. नर्स कात्रीनं झगडत होती. दुहेरी कापड, दुहेरी शिवण. शिंपी पुढे झाला, तिच्या हातातून कात्री घेतली आणि आपलीच शिवण बगलेपासून कमरेपर्यंत उसवून काढली. आईनं मुलाची छाती पाहिली आणि तोंडावर पदर धरला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. मग खुर्ची ओढून मुलापुढे बसल्या. "स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतोस. हृदयाची भिंत जाड झालीय, रक्त दाट झालंय, गुठळी झाली असती तर आज आपण बोलत नसतो. शरीरानं स्वतःचं संप्रेरक बनवणंही बंद केलेलं दिसतंय. किती दिवस चाललंय? खरं सांग. पुढचे उपचार त्यावर ठरतील."

"दोनेक महिने," मुलगा म्हणाला. "सगळेच घेतात. एकच कोर्स झालाय."

डॉक्टर लिहू लागल्या.

"खोटं आहे ते," शिंपी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "पहिली बंडी मी चौदा महिन्यांपूर्वी शिवली. म्हणजे त्याच्याही आधीपासून."

बायकोनं नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती लिहिण्यासारखी नाही. डॉक्टरांनी आधीचं खोडून नवं लिहिलं. खेळ आता विसरायचा, म्हणाल्या. हृदय किती सुधारेल ते काही महिन्यांनी कळेल. या औषधानंच छातीवर आलेली गाठ आपोआप जाईलच असं नाही. आणि औषध सुटल्यावर मन फार खचतं, तेव्हा याला एकटं सोडू नका. मग त्या आईला कागद समजावून द्यायला बाहेर घेऊन गेल्या.

मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"नक्की काय ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे, एवढं कळत होतं."

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

मुलाचा श्वास अडखळत होता.

"अशा बंड्या बाजारात तयार मिळतात, बाबा. कुठल्याही खेळाच्या दुकानात. मी तीनदा तुमच्याकडे आलो."

शिंपी पलंगाच्या काठावर बसला. उसवलेल्या बंडीची बाजू अजून मुलाच्या अंगाखाली अडकली होती, ती त्यानं हलकेच सोडवून काढली. मग मुलाच्या दुखऱ्या छातीला धक्का लागणार नाही असा हात ठेवला आणि विचारलं, "पहिलं इंजेक्शन कुणी दिलं तुला?"

मुलानं तोंड वळवलं आणि सांगायला सुरुवात केली.