दोन फोटोंवरचा एक ढग

घर रंगवायला काढलं म्हणून भिंतींवरचे दोन जुने फोटो उतरवून शेजारी शेजारी ठेवले. एकात घाटातल्या वळणावरची छोटी आगगाडी, दुसऱ्यात हिमनदी. वरचा ढग मात्र दोन्हींत तोच, उजवीकडे फाटलेला.

स्टुडिओवाल्या काकांना दाखवले, तर ते हसले. "तेव्हा फोटोत आभाळ कोरं यायचं. मग एकच ढग सगळीकडे छापायचे."

लहानपणी बाबा म्हणायचे, "बघ, बर्फावरचा ढगसुद्धा गारठलाय." आणि मी खरोखर शहारायचो.

त्या अनोळखी फोटोग्राफरला माफ करता येईल. पण बाबांनी एक फोटो बाहेरच्या खोलीत लावला होता, दुसरा स्वयंपाकघरात. दोन्ही शेजारी लावू या म्हटलं की म्हणायचे, "राहू दे, तिथंच शोभतो."

त्यांना ढगाचं ठाऊक होतं.