सांडला का रंग?

आमच्या थोरल्या साडूंइतका डोकं उठवणारा माणूस नवेगाव बांधच्या तळ्याच्या चारही बाजूंना शोधून सापडायचा नाही. नोकरी झाली तिकडे समुद्राकाठच्या अणुऊर्जा केंद्रात, आणि निवृत्त होऊन गावी आले ते एकच विषय घेऊन: अणूच्या विखारी कचऱ्याची काच कशी करतात. मासोळी घ्यायला गेले तरी तोच, मयतीला गेले तरी तोच. गावाला इतकंच कळलं, की हे काचेच्या कारखान्यात होते. म्हणून लग्नसराईत बायका त्यांच्याकडे बांगड्या मागायच्या. त्याचा त्यांना राग नव्हता. पण कुणी विचारलं, "म्हणजे कचरा काचेच्या बरणीत भरता?" की संपलंच! "भरत नाही बाप्पा! काचेच्या मसाल्यात मिसळून भट्टीत वितळवतो. मंग तो कचराच काच होते!" त्यांच्यासमोर लोणच्याची बरणी काढायचीसुद्धा आम्हाला चोरी झाली होती.

माझ्या मुलीला बघायला अर्जुनी मोरगावचे पाहुणे येणार होते. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता, मला त्याचं घर. मी साडूंच्या अक्षरशः पाया पडलो. "भाऊजी, आज काच नको." "मी कायले बोलू?" म्हणाले. पोहे संपायच्या आत मुलाच्या आजीनं विचारलं, "तुम्ही कोठी होते जी नोकरीले?" साडू सुरू! विखार, भट्टी, पोलादी डबे. आजीचा चेहरा उतरत गेला. तिनं एकदा माझ्या पोरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "घरच्यायले तं नाही ना लागलं काही? अन् बरणी फुटली तं?"

बरणी! साडू ताडकन उठले. हातातला चहाचा काचेचा पेला त्यांनी सरळ फरशीवर आपटला. "हे तुमची बरणी. फुटली, चहा सांडला." आणि कुणाला काही कळायच्या आत आपल्या बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईच्या हातातली हिरवी बांगडी काढून कट्‌कन मोडली. पाहुण्यांदेखत, नवऱ्यानं, स्वतःच्या बायकोची! आमच्याकडे बांगडी फुटली असं तोंडानं म्हणतसुद्धा नाहीत. "वाढली, वाढली!" करत माझी बायको धावली. "वाढली काऊन? फुटली!" साडू ओरडले. "पण हिरवा रंग सांडला का? सांगा, सांडला?" आत पोरगी रडायला लागली. त्या क्षणी मी त्यांना खरोखर तळ्यात ढकललं असतं.

आजीनं तुकडा उचलला. पदरावर घासला, पदर पाहिला, पुन्हा घासला. "नाही निघून राहिला बाप्पा," ती म्हणाली. "असं सांगा नं मंग! रडू नको व माय, ये, बस माह्याजवळ." सोयरीक जमली. पुढे प्रत्येक सणाला साडूंनी ते मला ऐकवलं.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. रिवाजाप्रमाणे बायका ताईच्या बांगड्या फोडायला आल्या, तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "त्यायनं एक फोडली होती माही," म्हणाली. "आता कोणी फोडाची नाही." कुणाची पुढे व्हायची हिंमत झाली नाही.

परवा जावई मित्राला सांगत होते, आमचे मावससासरे अणुकचरा काचेच्या बरणीत भरायचे. माझा आवाज एकदम चढला. "भरत नव्हते हो! तो कचराच काच होतो!" स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली, हिरव्या बांगड्यांचे हात पुसत, आणि मला म्हणाली, "आणखी सांगा नं."