सेनोओसाहेबांचा डावा हात

जपानातल्या आमच्या उसुकी गावी तलवारबाजीच्या तालमीत सेनोओसाहेब आले की आधी त्यांचा डावा हात आत यायचा. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, पण ऐट अशी की बापजाद्यांनी दहा किल्ले जिंकलेत! अंगठ्याजवळ अकरा वण. तलवारबाजी शिकायला आलेल्या नव्या पोरींना एकेक वण दाखवायचे, "हा बघा, पहिल्या खऱ्या तलवारीचा. बावीस वर्षं रक्त सांडलंय मी!" पोरी आ वासून बघायच्या. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

अहो, ते वण लढाईचे नव्हेत, घाईचे! तलवार म्यान करताना डाव्या मुठीत म्यानाचं तोंड धरायचं, पात्याची पाठ त्यावरून सरकवायची आणि नजर समोर शत्रूवर ठेवायची. हात कापला म्हणजे लक्ष बघणाऱ्यांकडे होतं, एवढंच. माझं जेवणाच्या डब्यांचं दुकान आहे, रोज ढीगभर मुळे चिरते. बोटं कापून घेणाऱ्या आचाऱ्याचं कौतुक कोण करतं हो?

शरदातल्या उत्सवात देवळासमोर खऱ्या तलवारीनं कसब दाखवायचा मान एकालाच मिळतो. इतकी वर्षं तो आमच्या मुनेकाता गुरुजींचा. ते आता एक्क्याऐंशीचे. यंदा दुसरं कुणीतरी जाणार होतं. मला तो मान हवा होता, अगदी जीव तोडून हवा होता. सोळा वर्षं तालमीची जमीन मी पुसली, भाषणं मात्र या सेनोओसाहेबांनी ठोकली.

त्या दिवशी सराव संपल्यावर गुरुजी म्हणाले, "सेनोओ, हात दाखव."

साहेबांची छाती फुगली. ऐटीत हात पुढे केला.

गुरुजींनी आपला डावा हात शेजारी धरला. एक ओरखडा नाही.

"पासष्ट वर्षं झाली मला तलवार धरून," ते म्हणाले. "तू लाकडी तलवार घे."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरेना.

"शिगेमी, तुझाही दाखव."

माझा हात आपोआप पाठीमागे गेला. गेल्या मंगळवारी, देवळासमोर आपण कशा दिसू ते घरी आरशात बघत मी तलवार म्यान करत होते. तीन टाके पडले. दुकानात सांगितलं, मुळा चिरताना लागलं.

पट्टी माझी मीच सोडली. गुरुजींनी दुसरी लाकडी तलवार काढून माझ्यासमोर ठेवली.

सेनोओसाहेब वाकून माझी जखम न्याहाळत होते. "ताई, माझा एकही एवढा खोल नाही हो," ते म्हणाले, आणि मेल्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं.